पपईचा शेंडा आणि मिनिटभराचा पाहुणा

पपईचा शेंडा पिवळा पडून आखडू लागला की परसात दोन उपाय ठरलेले असतात. कोणी नजर लागली म्हणून खोडाला फाटकी वहाण बांधतो, तर कोणी मावा मारायला कीटकनाशकाची बाटली घेऊन येतो. दुसरा उपाय शास्त्रीय वाटतो खरा, पण तो रोग रिंगस्पॉट, म्हणजे विषाणूमुळे होणारा वलयडाग, असेल तर दोन्ही उपायांचा गुण जवळपास सारखाच.

रिंगस्पॉट ओळखायचा तर आधी देठ बघावा. देठावर आणि कोवळ्या खोडावर तेल ओघळल्यासारख्या गडद हिरव्या रेघा दिसतात. नवी पानं पिवळी-हिरवी चट्टेरी होतात, पुढे त्यांच्या पाकळ्या बुटाच्या नाडीएवढ्या अरुंद राहतात. कच्च्या फळावर बांगडीसारखी वर्तुळं उमटतात, आणि ते फळ पिकलं तरी पाणचट लागतं. रोपवाटिकेतच लागण झालेल्या झाडाकडून फळाची आशा सोडावी.

हा विषाणू मावा पसरवतो, पण तो मावा पपईवर राहत नाही. गोव्यात पाऊस सरला, भात कापून झालं की वायंगणी शेतात अळसांदे (चवळी), मिरची, भोपळा उभे राहतात. अळसांद्याच्या शेंड्यावर काळ्या माव्याची गर्दी झाली की त्यातल्या काहींना पंख फुटतात आणि ते नव्या झाडाच्या शोधात निघतात. माव्याला दुरून झाड ओळखता येत नाही. हिरवं-पिवळं दिसेल तिथे तो उतरतो, सोंडेतली सुईसारखी नळी पानाच्या वरच्या पेशीत टोचतो, थेंबाचाही अंश नाही एवढा रस चाखतो आणि ‘हे आपलं नव्हे’ म्हणून उडून जातो. हा सगळा कारभार काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात आटोपतो. विषाणू उचलायला आणि पुढच्या झाडात सोडायला तेवढा वेळ पुरतो.

यातली खुबी विषाणूच्या बाजूने बघण्यासारखी आहे. रिंगस्पॉटचा विषाणू म्हणजे सुमारे 800 नॅनोमीटर लांबीचा लवचिक धागा. एका मिलिमीटरमध्ये असे साधारण साडेबाराशे धागे एकापुढे एक मावतील. आत सुमारे 10,300 अक्षरांचा आरएनए, म्हणजे त्याचा आनुवंशिक मजकूर, बाहेर एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या दोनेक हजार प्रतींचं कवच. तो माव्याच्या रक्तात शिरत नाही, तिथे वाढतही नाही, फक्त नळीच्या टोकाशी चिकटून प्रवास करतो. पण स्वतःहून त्याला चिकटता येत नाही. त्यासाठी तो झाडाच्या पेशीत आणखी एक प्रथिन तयार करवून घेतो, एचसी-प्रो नावाचं. हा त्याचा मदतनीस. या मदतनिसाचा एक हात माव्याच्या नळीला धरतो, दुसरा विषाणूच्या कवचाला. कवचावर जिथे तो पकडतो तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल, अ‍ॅलानिन आणि ग्लायसिन ही तीन अमिनो आम्लं याच क्रमाने लागतात. अशा विषाणूंमध्ये त्या तिघांपैकी एखादं बदललं, तर विषाणू झाडात सुखाने वाढतो, पण त्याला पुढच्या गावाला जायला कदंबाची (गोव्याच्या एसटीची) बस मिळत नाही.

ही पकड कच्ची असते. मावा दोन-चार निरोगी पानांत टोचून आला की नळी धुऊन निघते. केळीच्या पर्णगुच्छ रोगाचं उलट आहे. तिथे माव्याला रोगट झाडावर तासन् तास रस प्यावा लागतो आणि मग विषाणू त्याच्या अंगातच मुरतो. म्हणून केळीत मावा मारण्याला अर्थ आहे. पपईत औषध माव्याला लोळवेपर्यंत तो टोचून गेलेला असतो. वर औषधाने बिथरलेला मावा एका झाडावर टिकत नाही आणि जास्त झाडं चाखतो.

याच कच्च्या पकडीवर उपाय बेतलेले आहेत. बागेभोवती मक्याच्या दोन ओळी पपई लावण्याच्या महिनाभर आधी पेराव्यात, म्हणजे उडत आलेला मावा नळी तिथेच पुसतो. रोपं 40 ते 60 मेशच्या (इंचाला तेवढी छिद्रं असलेल्या) जाळीत वाढवावीत. 1 टक्का खनिज तेलाची फवारणी माव्याला मारत नाही, विषाणूला नळीवर टिकू देत नाही. मात्र नव्या पानांवर ती पुन्हा पुन्हा करावी लागते. रोगट झाड दिसताक्षणी उपटावं. हा विषाणू बियांतून जात नाही, मातीत टिकत नाही, तेव्हा त्याच खड्ड्यात नवं रोप लावायला हरकत नाही. अमेरिकेच्या हवाई बेटांवर 1992 साली पुना भागात हा रोग शिरला आणि 1998 मध्ये विषाणूच्याच कवचाचं जनुक घातलेली ‘रेनबो’ पपई शेतकऱ्यांच्या हाती आली. भारतात अशा पपईच्या लागवडीला परवानगी नाही.

शेंडा मलूल झाला म्हणजे रोग शेंड्यातच आहे असंही नाही. पावसाळ्यात खालची पानं पिवळी होऊन गळत असतील तर बुंध्याची साल नखाने खरवडावी. आत मऊ, पाणी सुटलेली, मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसली तर ती पिथियम किंवा फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जिवांची बुंधासड. यांचे बीजाणू साचलेल्या पाण्यात चक्क पोहतात, म्हणून गोव्याच्या पावसात रोप फूटभर उंच वाफ्यावर हवं आणि शक्यतो पाऊस ओसरल्यावर लावलेलं. बुंध्याशी 1 टक्का बोर्डो ओतावं. दहा लिटरसाठी 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून मोरचूद चुन्यात ओतायचा. लोखंडी सुरी बुडवून ती तांबूस झाली तर चुना कमी पडला आहे. मिश्रण त्याच दिवशी संपवावं. फळं खडबडीत, गाठाळ होऊन चीक ओघळत असेल तर बोरॉन कमी पडलं. जांभ्या जमिनीतून ते पावसाबरोबर वाहून जातं. लावणीनंतर चौथ्या आणि आठव्या महिन्यात 0.1 टक्का बोरिक आम्ल फवारावं.

खरी शेंडेमर बघायची तर काजूकडे वळावं. ढेकण्या नावाचा किडा कोवळ्या फुटव्यातला रस शोषतो, तिथे काळे लांबट डाग पडतात आणि डहाळी टोकाकडून मागे वाळत येते, जणू आगीची धग लागली. वाळलेला भाग दोन-तीन इंच हिरव्या लाकडासकट कापून वर बोर्डो पेस्ट लावली की काजू बाजूने फुटतो. पपईला मात्र एकच शेंडा.

तो शेंडा सांभाळावा तर डेंगीच्या दिवसांत लोक रुग्णाला रस पाजायला पानं ओरबाडून नेतात. डेंगीत प्लेटलेट घसरतात आणि बहुतेक रुग्णांत काही दिवसांनी आपसूक वर येतात. रस त्याच सुमाराला पाजलेला असतो, श्रेय त्याला मिळतं. काही चाचण्यांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचं दिसलं. रक्तस्राव किंवा मृत्यू त्यामुळे टळतात हे सिद्ध झालेलं नाही. डेंगीत जीव जातो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपल्याने, आणि तेही बऱ्याचदा ताप उतरत असताना, म्हणजे घरचे निर्धास्त झालेले असताना. त्या वेळी पोट दुखणं, सतत उलट्या किंवा हातपाय गार पडणं दिसलं तर थेट इस्पितळ गाठावं. आणि झाडाचं म्हणाल, तर पपईचं फळ पानाच्या बगलेत धरतं. फळं पोसायला पंधराएक तरी धडधाकट पानं माथ्यावर लागतात. त्याहून कमी उरली तर फळं लहान आणि अगोड राहतात.