गारगोटीतला उजेड

दोन पांढऱ्या गारगोट्या घ्यायच्या, अंधारात पांघरुणात शिरायचं आणि त्या एकमेकींवर जोरात घासायच्या. दगडाच्या पोटातून पिवळसर उजेड चमकून जातो, पाठोपाठ जळल्यासारखा वास येतो. नदीकाठी वाढलेल्या अनेकांनी हा खेळ केलेला असेल. चकमकीची ठिणगी वेगळी, ती पोलादाच्या जळत्या कणाची असते. गारगोटी मात्र पाण्याखाली घासली तरी उजळते.

हीच गारगोटी गुळगुळीत करून शहरातल्या ‘हीलिंग’ म्हणजे गुण देणाऱ्या स्फटिकांच्या दुकानात ‘क्लिअर क्वार्ट्झ’ म्हणून बसते. गुलाबी असेल तर ‘रोझ क्वार्ट्झ’, प्रेमासाठी. जांभळी असेल तर ‘अ‍ॅमेथिस्ट’, शांत झोपेसाठी. तिन्हींचं रसायन मुळात एकच, सिलिकॉन डायऑक्साइड. वाळूतही मुख्यतः तेच असतं. जांभळा रंग येतो तो अंशमात्र लोहामुळे आणि जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे. अ‍ॅमेथिस्ट भट्टीत तापवला की पिवळा पडतो. बाजारात धनलाभासाठी विकला जाणारा ‘सिट्रीन’ बराचसा असा भाजलेला अ‍ॅमेथिस्टच असतो. झोपेचा दगड भाजून पैशाचा होतो, ही किमया मला भारी आवडते!

दुकानदार सांगतो, दगडात ऊर्जा असते, त्याची कंपनं शरीराशी जुळतात. या बोलण्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. १८८० मध्ये पिएर क्युरी आणि त्यांचे थोरले भाऊ जाक यांनी दाखवून दिलं, की क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला तर त्याच्या पृष्ठभागांवर विद्युतभार जमा होतो. उलट वीज दिली तर स्फटिक किंचित आकसतो किंवा ताणला जातो. तुमच्या मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात चिमट्याच्या आकाराचा एक इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणून तो निवडलेला. पण घड्याळातला सेल काढा, थरथर थांबते. पांघरुणातल्या उजेडाचंही तेच. ती ऊर्जा घासणाऱ्या हातांची, दगड फक्त तिचं रूप पालटतो. छातीवर नुसता ठेवलेला स्फटिक कुणी दाबत नाही, त्याला वीजही देत नाही. तो शरीराला देणार काय?

तरीही तो हातात धरल्यावर बरं वाटतं, असं माणसं सांगतात, आणि ती काही खोटं बोलत नसतात. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातले मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रेंच यांनी २००१ मध्ये ८० जणांवर केलेला प्रयोग मांडला. प्रत्येकाने स्फटिक हातात धरून पाच मिनिटं ध्यान करायचं. काहींच्या हातात खरा क्वार्ट्झ होता, काहींच्या हातात बनावट. मुंग्या येणं, ऊब वाटणं, मन निवणं असे अनुभव दोन्हीकडे सारखेच आले. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. काय काय जाणवू शकतं याकडे ज्यांचं लक्ष आधी वेधलं होतं, त्यांना ते जास्त जाणवलं.

मग असं नुसतं बरं वाटण्याला किंमत किती? याचं सगळ्यात चोख उत्तर मला २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दम्याच्या एका अभ्यासात सापडतं. त्यात दगडाचा काही संबंध नाही. रुग्णांना कधी खऱ्या औषधाचा पंप दिला, कधी औषध नसलेला पंप, कधी लटकं अ‍ॅक्युपंक्चर (सुया टोचल्याचं नुसतं नाटक), तर कधी काहीच नाही. किती बरं वाटलं असं विचारल्यावर खऱ्या पंपाला ५० टक्के सुधारणा सांगितली गेली, खोट्या पंपाला ४५ आणि लटक्या सुयांना ४६. काहीच न दिलेल्या वेळी २१. म्हणजे खरं-खोटं जवळपास सारखंच. पण फुंकर मारून फुप्फुसांची ताकद यंत्राने मोजली, तेव्हा खऱ्या औषधाने ती २० टक्के वाढली होती आणि बाकी तिन्ही वेळा साधारण ७ टक्केच. जीव निवला, श्वासनळ्या मोकळ्या झाल्या नाहीत. ताण, धास्ती, रात्रीची तगमग यांवर विश्वासाची मात्रा थोडी लागू पडते. दमा, साखर, गाठ यांवर तिच्या भरवशावर राहिलं तर जिवावर बेततं.

अंगठीतल्या रत्नांची गोष्ट तर आणखी गमतीची. माणिक सूर्याचं, नीलम शनीचा, पुष्कराज गुरूचा. तिन्ही खनिजं म्हणून एकच, कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. किंचित क्रोमियम मिसळलं की माणिक, लोह आणि टायटॅनियम मिसळलं की नीलम. बाप-लेक असूनही एकमेकांचे वैरी मानलेले दोन ग्रह एकाच खनिजावर नांदताहेत. मोती आणि पोवळं यांचंही तसंच, दोन्हींत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, जे चुनखडीतही असतं.

स्फटिकांच्या या जागतिक बाजारात आपला मुलूखही आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपलं आणि आत अपोफिलाइट, स्टिल्बाइट अशा स्फटिकांचे झुबके वाढले. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींत काळा कातळ फोडताना ते निघतात आणि परदेशात ‘हीलिंग’च्या फळीवर जाऊन बसतात. औषध म्हणून नाही, पण नुसते पाहायला सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात जरूर जावं.

दगड पाण्यात बुडवून ते पाणी पिण्याची टूम मात्र नको. हिरव्यागार मॅलाकाइटमध्ये तांबं असतं आणि ते पाण्यात उतरू शकतं.

आणि घ्यायचाच असेल, तर गालाला लावून बघा. क्वार्ट्झ काचेपेक्षा कित्येक पटींनी वेगाने उष्णता ओढून घेतो, म्हणून खरा स्फटिक काचेहून गार लागतो आणि गारवा जरा जास्त वेळ टिकतो. तापलेल्या कपाळाला तेवढं सुख तो खरोखर देतो.