ॲक्शन फिगरच्या व्हेरिएंटमागचा इतिहास

विज्ञानकथेतील ॲक्शन फिगर, म्हणजे हातपाय हलवता येणारी पात्रांची छोटी प्लास्टिकची खेळणी, जमवणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतील संग्राहकांच्या बोलण्यात ‘व्हेरिएंट’ हा शब्द सतत येतो. पात्र तेच आणि बहुधा साचाही तोच, पण रंग, कपडा, शस्त्र किंवा ज्यावर फिगर सीलबंद करून विकतात ते मागचे कार्ड वेगळे, अशी ती आवृत्ती असते. हे फरक बाहेरून किरकोळ वाटतात. मात्र त्यांच्यामागे उत्पादनखर्च, मुलांची सुरक्षितता, आयातीचे नियम आणि साच्यांचा देशोदेशीचा प्रवास आहे, आणि त्या प्रवासातला एक मोठा मुक्काम आपल्याच देशात झाला होता.

हॅसब्रो या खेळणी कंपनीने 1964 मध्ये अमेरिकेत जी.आय. जो हा बारा इंची सैनिक आणला, तिथून या प्रकारच्या खेळण्यांची सुरुवात मानली जाते. विज्ञानकथेला खरे बळ मिळाले ते 1977 च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटामुळे. मागणी एवढी अनपेक्षित होती की केनर कंपनीला नाताळापर्यंत खेळणी तयार करता आली नाहीत; तिने दुकानांत केवळ प्रमाणपत्र असलेले पाकीट विकले आणि पहिल्या चार फिगर 1978 मध्ये टपालाने घरी पाठवल्या. केनरने उंची पावणेचार इंच ठेवली, त्यामुळे प्रमाणात बसणारी अंतराळयानेही परवडणाऱ्या किमतीत करता आली.

सर्वाधिक चर्चिले जाणारे व्हेरिएंट याच काळातले आहेत. जावा या बुटक्या पात्राला आधी विनाइलचा, म्हणजे पातळ प्लास्टिकचा झगा होता. मोठ्या फिगरच्याच किमतीला एवढी लहान फिगर, तीही साध्या विनाइलच्या तुकड्यात, ग्राहकाला कमअस्सल वाटेल म्हणून लवकरच तिथे कापडी झगा आला, आणि आधीची आवृत्ती दुर्मीळ झाली. पुढे ओबी-वान या दुसऱ्या पात्राचा विनाइल झगा कापून बनावट जावा तयार होऊ लागले. म्हणून जाणकार आजही झग्याची कड, जाडी आणि हाताची भोके भिंगाखाली तपासतात. स्नॅगलटूथ या पात्राची गोष्ट वेगळी आहे. कंपनीकडे त्याचे फक्त वरच्या अर्ध्या शरीराचे छायाचित्र होते, त्यामुळे तो निळ्या पोशाखात, उंच आणि बूट घातलेला निघाला. चूक लक्षात आल्यावर बुटका, लाल पोशाखातला आणि अनवाणी स्नॅगलटूथ बाजारात आला. बोबा फेट या पात्राची रॉकेट उडवणारी फिगर मात्र विक्रीला आलीच नाही. दुसऱ्या एका अंतराळ-मालिकेच्या खेळण्यातील क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा जीव गेला होता, त्यामुळे 1979 मध्ये केनरने रॉकेट पाठीवर पक्के बसवूनच ती फिगर दिली. या निर्णयाबद्दल हळहळणे मला पटत नाही.

भारताचा भाग 1980 च्या दशकात सुरू होतो. दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ ही कार्टून मालिका लागत असे आणि त्याच्या फिगर लिओ ही कंपनी इथे बनवत असे. एमआरएफ आणि हॅसब्रो यांच्या भागीदारीतून 1987 मध्ये फनस्कूल उभी राहिली आणि लेझर बंदुका व यंत्रमानव असलेली नव्या वळणाची, पावणेचार इंची जी.आय. जो मालिका इथे तयार होऊ लागली. हॅसब्रोचे जुने साचे इथे आले, पण प्लास्टिकचा रंग, रंगकाम आणि कार्ड यांत इथे बदल होत गेले. म्हणूनच अमेरिकेत कधीच न निघालेल्या रंगसंगती फनस्कूलच्या फिगरमध्ये दिसतात, आणि परदेशी संग्राहक त्या मुद्दाम शोधतात. फिगरच्या अंगावर कोरलेले वर्ष साच्याच्या हक्काचे असते, उत्पादनाचे नव्हे, हे लक्षात न घेतल्यास भारतीय फिगरचे वय हमखास चुकते.

या जी.आय. जो फिगरचे धड आणि पाय आतल्या एका रबरी ओ-रिंगने जोडलेले असतात. खाडीकाठच्या दमट हवेत ठेवलेली जुनी फिगर हातात घेतली की पाय लोंबकळतात, कारण ते रबर विरलेले असते. पाठीचा एकच स्क्रू काढून नवी रिंग बसवता येते. कार्डाचे तसे नाही. त्याला ओल लागली की बुरशीचे डाग कायमचे राहतात.

1995 मध्ये केनरच्या नावाने स्टार वॉर्सच्या फिगर पुन्हा आल्या, तेव्हा ल्यूक या नायकाची लांब तलवार आखूड झाली आणि काही आखूड तलवारी पाकिटातल्या लांब तलवारीसाठीच्या खाचेतच बसवून विकल्या गेल्या. हा बहुधा अखेरच्या काही निरागस फरकांपैकी एक. त्यानंतर कंपन्या संग्राहकांसाठी ठरवून मर्यादित आवृत्त्या काढू लागल्या. माझ्या मते अशा आवृत्त्यांपेक्षा कारखान्याच्या अडचणीतून जन्मलेला व्हेरिएंट अधिक मोलाचा आहे.

1 एप्रिल 2001 पासून ग्राहकोपयोगी वस्तूंवरील आयातीचे संख्यात्मक निर्बंध उठले आणि परदेशी फिगर इथे येणे सोपे झाले. मात्र खेळण्यांवरील आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेले, तर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्हही सक्तीचे झाले. न्हावाशेवा बंदर इतके जवळ असूनही वाशी किंवा ठाण्यातील संग्राहकाला नवी आयात फिगर महाग पडते ती यामुळे. उलट फनस्कूलची जुनी फिगर एखाद्या घराच्या पोटमाळ्यावरही निघू शकते. तिचे कार्ड मात्र बहुतेक मुलांनी पहिल्याच दिवशी फाडून टाकलेले असते, आणि म्हणून सीलबंद भारतीय नमुना सुट्या फिगरपेक्षा कितीतरी दुर्मीळ ठरतो.