छातीच्या एक्स-रेत बरगड्या फिक्या का हव्यात?

छातीच्या एक्स-रेत बरगड्या जितक्या ठसठशीत, तितका फोटो चांगला, असं अनेकांना वाटतं. रेडिओलॉजिस्टला (एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरला) मात्र त्या फिक्याच हव्या असतात, कारण त्याला बरगडीमागचं फुफ्फुस बघायचं असतं.

म्हणून हाताचा एक्स-रे 50-55 केव्हीवर निघतो, तर छातीचा बहुधा 110 ते 125 केव्हीवर. केव्ही म्हणजे किरण सोडणाऱ्या नळीला दिलेले हजार व्होल्ट. आकडा वाढला की किरण जोरकस होतात.

कमी ऊर्जेच्या किरणाला अणू अख्खा गिळून टाकतो. हे गिळणं अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतं. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक 20, मांसातल्या ऑक्सिजनचा 8. म्हणजे अडीचपट, आणि त्याचा घन पंधराच्या वर! हाड पांढरं उठतं ते यामुळे. पण किरणाची ऊर्जा दुप्पट झाली की हेच गिळणं साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. मग बहुतेक किरण इलेक्ट्रॉनवर आदळून नुसते वाट बदलतात. या विखुरण्यात अणुक्रमांकाला फारशी किंमत नाही, घनतेला आहे. बरगडी फिकी पडते; हवेनं भरलेलं फुफ्फुस आणि न्यूमोनियानं भरीव झालेला भाग यांतला फरक मात्र टिकतो.

विखुरलेले किरण भलत्याच जागी पडून फोटो धुरकट करतात. त्यांना अडवायला डिटेक्टरपुढे, म्हणजे किरण टिपणाऱ्या प्लेटपुढे, शिशाच्या बारीक पट्ट्यांची ग्रिड असते. ती तिरकी बसली तर सरळ येणारे किरणही अडतात आणि एक बाजू उगाच पांढुरकी दिसते.

रुग्णाची छाती प्लेटला टेकलेली, खांदे पुढे (नाहीतर खांद्याचं पातं फुफ्फुसावर येतं), आणि नळी पाठीमागे सुमारे 180 सेंटिमीटरवर. हृदय प्लेटजवळ राहिल्यानं त्याची सावली फारशी फुगत नाही. खाटेवर पोर्टेबल मशीननं समोरून काढलेल्या फोटोत ती फुगते. तेवढ्यावरून ‘हृदय वाढलंय’ म्हणणं चूक आहे.

‘श्वास घ्या, रोखून धरा’ ही सूचना मनापासून पाळावी. अर्धवट श्वासात फुफ्फुसाचा तळ दाटतो आणि न्यूमोनियासारखा दिसतो.

केसही वर बांधावेत. मानेवरून पुढे आलेल्या जाड वेणीची सावली फुफ्फुसाच्या शेंड्यावर पडते, आणि टीबीचा डाग डॉक्टर सगळ्यात आधी शोधतात तो तिथेच.