आत्याचा चंद्र आधी का उगवतो?

गेल्या संकष्टीला घरच्या ग्रुपवर नागपूरच्या आत्याने मोदकाच्या ताटाचा फोटो टाकला. खाली ओळ : "सुटला गं आमचा उपास." इकडे दादरला आई अजून खिडकीत उभी. चंद्रोदयाला वीस मिनिटं बाकी. "हिला कधी दम निघालाय?" आई म्हणाली.

आत्याचं काही चुकलं नव्हतं. मुंबई ७२.८ अंश रेखांशावर आहे, नागपूर ७९.१ वर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे या सव्वासहा अंशांना साधारण २५ मिनिटं. घड्याळ दोघींचं एकच, क्षितिजं दोन.

हे सोपं झालं. मला खरी गंमत वाटते ती दुसऱ्या प्रश्नाची. तिथी तीच, कृष्ण चतुर्थी. मग भाद्रपदात मुंबईचा चंद्र साडेआठच्या सुमारास आणि ज्येष्ठात थेट दहाच्या आसपास, असं का?

तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या कोनाचे १२-१२ अंशांचे तुकडे. कोन २१६ ते २२८ अंश असतो तेव्हा कृष्ण चतुर्थी, आणि ती चंद्रोदयाला असली की संकष्टी. आता चंद्र रोज ताऱ्यांमधून सुमारे १३ अंश पूर्वेला सरकतो. त्यामुळे काल ज्या वेळी उगवला, त्या वेळी आज तो क्षितिजाखालीच असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी फिरावं लागतं. रोजचा सरासरी उशीर ५० मिनिटं.

पण ही नुसती सरासरी. चंद्र सरकतो तो क्रांतिवृत्ताच्या (ताऱ्यांमधून सूर्याची वर्षभराची जी वाट दिसते तिच्या) आसपासच, आणि ते वृत्त पूर्व क्षितिजाला कधी उभं छेदतं, कधी तिरकं. चाळीचा उभा जिना १३ पायऱ्या उतरलात तर बरेच खाली जाता. उताराच्या रस्त्याने तेवढीच १३ पावलं चाललात तर निम्मी चाल आडवीच होते. मुंबईच्या अक्षांशावर (१९ अंश) मीन-मेषेकडचा भाग उगवताना क्षितिजाशी हा कोन सुमारे ४७ अंश असतो, कन्या-तुळेकडचा उगवताना सुमारे ९४, म्हणजे जवळजवळ काटकोन. भाद्रपद-आश्विनातला चंद्र पहिल्या भागात असतो. तो खाली कमी जातो, क्षितिजालगत उत्तरेकडे जास्त सरकतो, आणि रोजचा उशीर चाळीशीच्या आसपास येतो. माघ-फाल्गुनात तोच पंचावन्नपर्यंत जातो. (लंडनला हा कोन १५ अंशांपर्यंत उतरतो, म्हणून तिथे शरदातल्या पौर्णिमेनंतर काही दिवस चंद्र जवळपास त्याच वेळी उगवतो.) त्यात सूर्यास्ताची भर : मुंबईत नोव्हेंबरअखेर सहाला, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या पुढे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्तालाच उगवतो, म्हणजे पुढच्या चार दिवसांची मोजणीच उशिरा सुरू होते. ज्येष्ठातले दहा असे वाजतात.

कोनाची भानगड डोक्यावरून गेली असेल तर सोडून द्या, मलाही ती कागदावर आकृती काढल्याशिवाय कळली नव्हती.

चंद्रकिरणांत उपास सोडला की पचन सुधारतं, असा मजकूर फिरतो, तो मात्र नक्की सोडून द्या. चंद्राचा उजेड म्हणजे परावर्तित ऊनच, आणि पौर्णिमेलाही तो उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतकाच. अंगारकीला २१ संकष्ट्यांचं पुण्य, हा हिशेब श्रद्धेचा आहे; वर्षात संकष्ट्या असतात १२ किंवा १३. दोन संकष्ट्यांत २९ किंवा ३० दिवस जातात, म्हणून वार एक-दोनने पुढे सरकतो आणि कधीतरी मंगळवार गाठतो.

छापलेली वेळ असते मोकळ्या क्षितिजाची. आमच्या खिडकीसमोर पूर्वेला टॉवर उभा राहिलाय. आकाशात १० अंश वर चढायला चंद्राला पाऊण तास लागतो, आणि टॉवर त्याहून उंच आहे. आई घड्याळ बघून नैवेद्य दाखवते, वरणभात वाढते. भांडी घासून होतात तेव्हा शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारतात, "आला हो!"