धमनी नुसती फुगत नाही, सरकतेही

हनुवटीखाली, श्वासनळीच्या बाजूला दोन बोटं अलगद टेकवा. जो ठोका लागतो तो कॅरोटिडचा, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीचा. तिच्यातलं रक्त सेकंदाला फार तर मीटरभर पुढे जातं. पण ठोक्याबरोबर भिंतीवरून जी दाबाची लाट धावते, ती तरुण माणसात सेकंदाला 5-6 मीटर वेगाने जाते. बोटाला लागते ती ही लाट.

सोनोग्राफीत हे फार सुंदर दिसतं. मानेला थंडगार जेल लावून प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारं आणि परतणाऱ्या लहरी टिपणारं उपकरण, टेकवलं की पडद्यावर एक काळा पट्टा येतो, ते रक्त. वर-खाली दोन उजळ रेघा, त्या भिंती. नीट पाहिलं तर खालची रेघ दुहेरी असते, आणि त्या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे भिंतीच्या आतल्या थरांची जाडी, मिलिमीटरहूनही कमी. साधारण 6-7 मिलिमीटरची ही नळी दर ठोक्याला जेमतेम अर्धा मिलिमीटर फुगते. ध्वनी शरीरात सेकंदाला सुमारे 1540 मीटर जातो, त्यामुळे 2 सेंटिमीटर खोलीवरचा प्रतिध्वनी 26 मायक्रोसेकंदांत परत येतो. भिंत किंचित हलली की परतणाऱ्या लहरीचे चढउतारही तेवढेच पुढे-मागे होतात. ते जुळवून पाहिले की काही मायक्रोमीटरची हालचालही पकडता येते.

हे झालं फुगण्याचं. भिंत रक्ताच्या दिशेने, लांबीला धरूनही सरकते, ही गोष्ट मात्र बराच काळ नगण्य मानली गेली. ती हालचाल ध्वनिझोताला आडवी असते, म्हणून मोजायला कठीण. 2000 नंतरच्या दशकात स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांनी भिंतीच्या प्रतिमेतले बारीक ठिपके एकेका चित्रात शोधत त्यांचा माग काढला आणि दाखवलं, की हे सरकणं फुगण्याइतकंच मोठं असू शकतं. याच लुंडमध्ये 1953 साली इंगे एडलर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी हृदयाची हालचाल प्रथम अल्ट्रासाउंडने टिपली होती, तीही धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्राने!

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचंच. आतले थर बाहेरच्या थरापेक्षा जास्त सरकतात. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून हलकेच ढकलला की पत्ते जसे एकमेकांवरून घसरतात, तसं भिंतीच्या आत दर ठोक्याला चाललेलं असतं. दिवसाला लाखभर वेळा.

ही लवचीकता इलॅस्टिन नावाच्या प्रथिनाची देणगी. मोठेपणी ते शरीरात जवळपास नव्याने तयार होत नाही. झिजलं की ताण कोलॅजेन या दुसऱ्या, कडक प्रथिनावर येतो, भिंत ताठरते आणि लाट सेकंदाला 10 मीटरच्याही पुढे जाते. मग ती धमन्यांच्या दूरच्या फांद्यांवर आपटून लवकर माघारी येते, हृदय अजून रक्त ढकलत असतानाच, आणि त्याला त्या जादा दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो. तरीही अशा ताठर धमनीचा आतला मार्ग पडद्यावर अगदी मोकळा दिसू शकतो.