काकडीला सुटलेलं पाणी

मे महिन्यात दुपारी ठाण्याहून वाशी लोकलने घरी आले की अंग घामाने निथळत असतं आणि लघवी गडद पिवळी होते. जुलैत पावसाची झड लागली की तेवढंच पाणी पिऊनही सारखं उठावं लागतं, लघवीला रंगही फारसा नसतो. हा हिशेब मूत्रपिंडं ठेवतात.

नको असलेलं पाणी ती गाळून टाकतात, असं आपल्याला वाटतं. खरं काम उलट्या बाजूने चालतं. दिवसभरात ती रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तातला द्रवभाग जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच दिवसातून साठेक वेळा गाळून निघतो! लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं परत घेतलं जातं.

ते ओढून घ्यायला शरीरात पाण्याचा पंप नाही. इथे मीठ कामाला येतं. चोचवलेल्या काकडीला मीठ लावलं की थोड्याच वेळात पाणी सुटतं, कारण पाणी खारट बाजूकडे धावतं. मूत्रपिंडातल्या केसाच्या आकड्यासारख्या वळलेल्या नळ्या मीठ बाहेर ढकलत राहतात. त्या मिठाने आणि युरिया या शरीरातल्या टाकाऊ द्रव्याने आतला गाभा रक्ताच्या चौपट तीव्र होतो. लघवीची शेवटची नळी याच गाभ्यातून जाते. तिच्या भिंतीत पाण्यासाठी वाट उघडली, की पाणी आपोआप गाभ्याकडे जातं आणि तिथून रक्तात.

वाट उघडायची की नाही, हे मेंदू ठरवतो. रक्त फक्त एक टक्क्याने घट्ट झालं तरी त्याला कळतं. मग पियुषिका ग्रंथी व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडते आणि काही मिनिटांत नळीच्या भिंतीत ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांची दारं बसतात. पाण्याची ही दारं शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दारू हे संप्रेरक रोखते, म्हणून पिणाऱ्याला वरचेवर लघवी होते आणि नंतर घसा कोरडा पडतो.

गाडी खाडीपुलावर आली की खाली एवढं पाणी दिसतं, पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. माणसाची लघवी तेवढी खारट होऊच शकत नाही. ते पाणी प्यायलं तर त्यातलं मीठ बाहेर काढायला प्यायल्यापेक्षा जास्त पाणी खर्ची पडतं.