शाळेत जाताना मुलाची वही सोबत न्या
(विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांसाठी, आमच्या चिपळूणच्या कार्यालयातर्फे)

आमच्याकडे येणारे बरेच पालक सुरुवातीला एकच सांगतात, मुलाला वर्गात मदत मागितली तर "बाई म्हणाल्या, बघू." जूनमध्ये बघू, गणपतीनंतर बघू, आणि बघता बघता सहामाही येते. हे 'बघू' कागदावर कसं उतरवून घ्यायचं, एवढ्यासाठीच हे पत्रक.

वैयक्तिक शिक्षण आराखडा (शाळेत त्याला आयईपी म्हणतात) म्हणजे एकट्या तुमच्या मुलासाठी केलेला वर्षाचा लेखी बेत. मूल आज काय करतं, पुढच्या काही महिन्यांत कुठवर पोचायचं, त्यासाठी वर्गात काय बदलायचं आणि ते कोण करणार, हे त्यात असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गशिक्षक आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक मिळून तो करतात. विशेष शिक्षकांच्या वाट्याला पुष्कळ शाळा असतात. खाडीपलीकडच्या वाडीत ते रोज येतील अशी आशा धरू नका. रोजचं काम वर्गातल्या बाईंनाच करायचं असतं, आणि द्विशिक्षकी शाळेत त्यांच्यासमोर एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. हे विसरून लिहिलेला आराखडा कपाटातून बाहेर येत नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अडून बसू नका

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा. त्यात 21 प्रकार आहेत. स्वमग्नता (ऑटिझम) आणि अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) हीही त्यातच येतात. मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करणं ही शाळेची जबाबदारी आहे, असं कलम 16 सांगतं. पुढच्या बाकावर बसवायला किंवा उतारा मोठ्या अक्षरात द्यायला दिव्यांगत्वाची टक्केवारी लागत नाही. प्रमाणपत्राचा कागद लागतो तो पुढे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, त्यासाठी लागतो. दहावी-बारावीच्या सवलतींसाठीही लागतो: लेखनिक (मुलाच्या वतीने पेपर लिहिणारा), आणि तासाला 20 मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला अख्खा एक तास. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी परीक्षा मंडळाचं विभागीय कार्यालय रत्नागिरीत आहे. कागद नववीतच तयार ठेवा. दहावीचा फॉर्म भरायच्या आठवड्यात धावत आलेल्या पालकांना आम्हीही फार काही देऊ शकत नाही.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मूल आठ वर्षांचं झाल्यावरच मिळतं. तोवर वर्गातली मदत थांबवायचं काहीच कारण नाही.

'वाचन सुधारणे' हे उद्दिष्ट नाही

सगळी गंमत इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चौथीतल्या एका मुलाच्या वहीत 'घर' आणि 'धर' यांत फरकच नव्हता. फळ्यावरून उतरवताना दर तिसरी ओळ गळायची. हाच मुलगा जेट्टीवर लिलावात बांगड्याच्या टोपल्यांचा हिशेब तोंडी करतो, आणि चुकत नाही. त्याच्या आराखड्यात आधी लिहिलं होतं: "वाचन-लेखन सुधारणे. पालकांनी घरी सराव घ्यावा." हे सुधारलं की नाही, ते मार्चमध्ये कोण आणि कसं ठरवणार?

बाईंसोबत बसून आम्ही ते असं केलं: "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जोडाक्षरं नसलेला, दुसरीच्या पातळीचा दहा ओळींचा उतारा ओळीखाली पट्टी धरून वाचेल, चुका चारपर्यंत. बाई सोमवारी आणि गुरुवारी परिपाठानंतर दहा मिनिटं ऐकतील. फळ्यावरचं उतरवायला न लावता मजकूर कागदावर देतील. गणिताची उत्तरं तोंडी घेतली तरी चालतील." शेवटच्या वाक्यासाठी आम्ही अडून बसलो. मुलाला जे येतं तेही आराखड्यात दिसायला हवं, नुसती उणिवांची यादी नको.

पावसाळ्याची वेगळी ओळ

आराखड्याचे छापील नमुने जून ते सप्टेंबरचा कोकण डोळ्यांसमोर ठेवून केलेले नसतात. शाळेवर पत्रा असेल तर मुसळधार पावसात साध्या मुलांनाही बाईंचं ऐकू येत नाही. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला तर पाऊसच मोठा होऊन ऐकू येतो. आराखड्यात लिहून घ्या: खिडकीपासून दूर, पहिला बाक, बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, गृहपाठ फळ्यावर लिहून द्यावा. दमट हवेत यंत्र बिघडतं, तेव्हा रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. हे काम मात्र घरचं. चाकाची खुर्ची असेल तर साकवावरून आणि शेवाळलेल्या पायरीवरून शाळेत पोचायचं कसं, हेही लिहा. स्वमग्न मुलाला पत्र्यावरचा आवाज सहन होत नसेल, तर तेवढा वेळ त्याने कुठे बसायचं ते आधीच ठरवा.

बैठकीला जाताना

बाबा मुंबईला असतात, ते गणपतीत आले की भेटू, असं म्हणून पहिले तीन महिने घालवू नका. आई गेली तरी चालतं, तिची सही चालते. बाबांना फोनवर घ्या. तक्रारींची यादी घरी ठेवा, वही सोबत न्या. बोलणं झालं की जे ठरलं ते त्याच दिवशी पाच ओळींत लिहून शाळेला द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या.

तरीही काही हललं नाही तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, आणि शेवटी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त. पण त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि बहुतेक तुमच्याच वाडीतले.

आमचं काम

आम्ही दोघं आहोत: एक नोंदणीकृत विशेष शिक्षिका, आणि कागदपत्रं बघणारा मी. वही वाचतो, आराखड्याचा मसुदा तुमच्यासोबत करतो, हवं तर बैठकीला सोबत येतो. प्रमाणपत्र मिळवून देत नाही. ते सरकारी वैद्यकीय मंडळाचं काम आहे आणि 'करून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. मार्कांची हमी देत नाही. सुरुवातीला आम्ही एका शाळेला कलमांनी भरलेलं नऊ पानी पत्र पाठवलं होतं. मुख्याध्यापकांनी ते खणात टाकलं आणि पोराचे तीन महिने गेले. चूक आमचीच होती. आता पत्र एका पानाच्या वर जात नाही, आणि त्यात पहिली ओळ बाईंनी आजवर जे केलं त्याची असते.

पहिली भेट विनामूल्य. पुढच्या कामाचे पैसे काम सुरू करण्याआधी लेखी सांगतो. येताना चालू वर्षाची मराठीची आणि गणिताची वही, मागचं प्रगतिपुस्तक आणि असतील तर दवाखान्याचे कागद आणा. वही आमच्यासाठी नव्याने उतरवून आणू नका, खाडाखोड आहे तशीच हवी.